‘प्रार्थना कर, सगळं ठीक होईल’ : नैराश्य आणि कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसाला बायबल खरंच काय सांगतं?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या नाइट शिफ्टला एक मैत्रीण होती. वसईची, कॅथलिक. चार माणसांचं काम दोघांवर आलेलं, त्यात कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार की नाही याचा पत्ता नाही. हळूहळू ती बोलेनाशी झाली. डबा उघडायची, दोन मिनिटं बघत बसायची आणि तसाच बंद करायची.

एका रात्री तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. फॅमिली ग्रुपवर तिच्यासाठी मेसेज आले होते. उगवत्या सूर्याचे फोटो आणि त्यावर बायबलमधली वचनं. खाली मावशी, मामा, चुलत भावंडांच्या ओळी. ‘देवावर भरवसा ठेव.’ ‘ख्रिस्ती माणसाने निराश व्हायचं नसतं.’ ‘तुझी प्रार्थना कमी पडतेय.’

ती म्हणाली, “वचनं मला पाठ आहेत रे. मला झोप येत नाहीये, त्याचं काय?”

मी ख्रिस्ती नाही. त्या वेळी मला काही सुचलं नाही, मी चहा आणून दिला. पण प्रश्न डोक्यात राहिला. नोकरीने आणि नैराश्याने पिचलेल्या माणसाला धीर द्यायचा, तर ख्रिस्ती परंपरेकडे ‘भरवसा ठेव’ यापलीकडे काही आहे का? तिच्या घरचं ‘सुबोध बायबल’, म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेला मराठी अनुवाद, मी मागून घेतलं. ज्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तेच हे पुस्तक.

उत्तर आहे. आणि ते त्या ग्रुपवरच्या मेसेजपेक्षा बरंच वेगळं आहे.

झुडपाखाली झोपलेला संदेष्टा

बायबलच्या जुन्या करारात राजांची दोन पुस्तकं आहेत. त्यातल्या पहिल्याच्या १९ व्या अध्यायात एलीया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट येते.

एलीया म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. आदल्याच अध्यायात त्याने कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० पुजाऱ्यांना एकट्याने आव्हान दिलंय आणि जिंकलंय. लांबलेला दुष्काळ संपून पाऊस पडलाय. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअरमधला सगळ्यात मोठा दिवस.

पण इस्राएलची राणी ईजबेल त्याला निरोप धाडते की उद्यापर्यंत तुझा जीव घेते. आणि हा माणूस कोसळतो. पळत सुटतो. वाटेत सोबतच्या चाकरालाही मागे ठेवतो. एकटाच एक दिवसाची वाट चालून वाळवंटात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे झालं, माझा जीव घे. मग तिथेच झोपतो.

थोडं थांबून पुढचं वाचा, कारण मुद्दा इथेच आहे.

देव त्याला रागावत नाही. ‘कालच एवढा चमत्कार पाहिलास आणि आज रडतोस?’ असं विचारत नाही. एक देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, उठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही उपदेश नाहीच. पुन्हा खायला देतो आणि सांगतो की पुढची वाट तुला झेपणारी नाही, म्हणून खाऊन घे.

झोप, अन्न, स्पर्श, पुन्हा झोप, पुन्हा अन्न. हा त्या गोष्टीतला क्रम आहे. देवाचं बोलणं सुरू होतं ते याच्या कितीतरी नंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर.

तिथेही देव आधी प्रश्नच विचारतो की तू इथे काय करतोयस? एलीया आपलं गाऱ्हाणं सांगतो की मी एवढं केलं, सगळ्यांनी पाठ फिरवली, मी एकटाच उरलोय. वादळ येतं, भूकंप होतो, आग पेटते, आणि देव त्यातल्या कशातच नसतो. मग एक अगदी हलका आवाज येतो. तोच प्रश्न पुन्हा. एलीयाही तेच गाऱ्हाणं शब्दाला शब्द लावून पुन्हा सांगतो. नैराश्यातल्या माणसाशी कधी बोलला असाल तर हे ओळखीचं वाटेल. तीच गोष्ट परत परत येते. इथे ती दोन्ही वेळा ऐकून घेतली जाते.

त्यानंतर दोन गोष्टी घडतात. एक, ‘मी एकटाच’ हा समज दुरुस्त होतो. देव सांगतो की तुझ्यासारखे अजून सात हजार आहेत. दुसरी, कामाची वाटणी होते. शेतात बैलांच्या बारा जोड्यांनिशी नांगरणी चालू असते, तिथल्या अलीशाला पुढच्या कामासाठी नेमायला सांगितलं जातं. एलीयाचं काम संपत नाही, पण ते आता एकट्याचं राहत नाही.

आपल्याकडे किती ऑफिसांत कोसळलेल्या माणसाला आधी रजा आणि नंतर मदतनीस मिळतो, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

बायबल बघूनही रडू येणारा प्रवचनकार

ही झाली धर्मग्रंथातली गोष्ट. पण चर्चच्या इतिहासात खरोखरची माणसंही आहेत, आणि त्यात एक नाव चटकन समोर येतं ते चार्ल्स स्पर्जन यांचं.

१८३४ मध्ये जन्मलेले स्पर्जन हे एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमधले बाप्टिस्ट धर्मोपदेशक. त्यांना ऐकायला इतकी गर्दी व्हायची की चर्च पुरत नसे, म्हणून सरे गार्डन्समधला मोठा म्युझिक हॉल भाड्याने घेतला गेला. १९ ऑक्टोबर १८५६ ची संध्याकाळ. हॉल हजारोंनी भरलेला. प्रार्थना सुरू असताना गर्दीतून कोणीतरी ‘आग, आग’ असं ओरडलं. आग नव्हतीच. पण चेंगराचेंगरीत सात माणसं गेली.

स्पर्जन तेव्हा फक्त २२ वर्षांचे होते. घरी महिन्याभराची जुळी मुलं. वर्तमानपत्रांनी त्यांनाच झोडपलं. आजच्या भाषेत ट्रोलिंगच. त्या दिवसांत बायबल नुसतं समोर दिसलं तरी रडू यायचं, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलंय. काही आठवड्यांत ते प्रवचनाला परत उभे राहिले, पण नैराश्याने त्यांना पुढे आयुष्यभर सोडलं नाही. त्यात संधिवाताचं दुखणं. हिवाळ्यात लंडन सोडून ते फ्रान्सच्या दक्षिणेला मेंतोन इथे जाऊन राहत. १८९२ मध्ये त्यांचं निधनही तिथेच झालं.

आपल्या विद्यार्थ्यांना, म्हणजे पुढे पाळक होणाऱ्या तरुणांना, त्यांनी एक अख्खं व्याख्यान याच विषयावर दिलं. ‘द मिनिस्टर्स फेंटिंग फिट्स’ हे त्याचं नाव. त्यात ते नैराश्याची कारणं सांगत जातात, आणि ती वाचताना आपण कुठल्यातरी एचआर वर्कशॉपमध्ये बसलोय असं वाटतं. शरीराचं दुखणं. एका जागी बसून डोक्याचं काम. मोकळ्या हवेचा अभाव. पदामुळे येणारा एकटेपणा. सुट्टी न घेता रेटलेलं काम. मोठ्या यशानंतर येणारी पोकळी, आणि इथे ते उदाहरण देतात ते कर्मेलनंतरच्या एलीयाचंच. कधीकधी कारणच सापडत नाही आणि अशा वेळी त्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, हेही ते मान्य करतात.

विश्वास कमी पडला म्हणून नैराश्य येतं, असं ते म्हणत नाहीत. त्यांचा सूर असा आहे की देवाच्या चांगल्या माणसांनाही हे होतं, तेव्हा झालं तर आपण वाया गेलो असं समजू नका. आणि हे सांगणारा माणूस त्या काळातला सर्वांत गाजलेला प्रवचनकार होता. ‘ख्रिस्ती माणसाने निराश व्हायचं नसतं’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्पर्जन यांचं काय करायचं ते ठरवावं.

आणि ज्याला बरं वाटलंच नाही, त्याचं काय?

प्रेरणादायी गोष्टींची एक अडचण असते. शेवटी सगळं चांगलं होतं. प्रत्यक्षात तसं होतंच असं नाही. म्हणून विल्यम कूपर या इंग्रज कवीची गोष्ट सांगायला हवी.

कूपरचं पहिलं मोठं कोसळणं नोकरीवरूनच झालं. १७६३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याला कारकुनाची चांगली जागा मिळणार होती. पण त्यासाठी सभागृहापुढे तोंडी परीक्षा द्यावी लागणार होती. त्या परीक्षेच्या धास्तीने तो इतका खचला की त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. मग सेंट ऑल्बन्स इथे डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले. त्याच काळात तो श्रद्धेकडे वळला. म्हणजे त्याच्या बाबतीत डॉक्टर आणि देव हे दोन वेगळे रस्ते नव्हते, एकाच इमारतीत भेटले.

पुढे तो ऑल्नी गावात राहायला गेला. तिथले धर्मगुरू होते जॉन न्यूटन, ‘अमेझिंग ग्रेस’ या जगप्रसिद्ध गीताचे लेखक. एकेकाळी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजावर कप्तानी केलेला हा माणूस. दोघांनी मिळून लिहिलेली गीतं ‘ऑल्नी हिम्स’ या नावाने १७७९ मध्ये छापली गेली.

पण १७७३ मध्ये कूपर पुन्हा कोसळला. देवाने आपल्याला कायमचं टाकलंय, अशी त्याची खात्री झाली. तो चर्चला जाईनासा झाला. तेव्हा न्यूटन यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. एक-दोन आठवडे नाही, वर्षभराहून जास्त. घरात असा पाहुणा इतके दिवस सांभाळणं काय असतं, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. त्यानंतर कूपर बागकाम करू लागला, त्याने ससे पाळले, कविता लिहिल्या, मोठा कवी म्हणून नाव झालं. पण ती खात्री पूर्णपणे कधीच गेली नाही. १८०० मध्ये तो गेला तोही त्याच सावटाखाली.

ज्याच्या गीतांनी लाखोंना धीर दिला, त्याला स्वतःला तो मिळाला नाही. ख्रिस्ती परंपरेने त्याची गीतं यामुळे फेकून दिली नाहीत, ती आजही गायली जातात. बायबलमधल्या १५० स्तोत्रांतही एक ८८ वं स्तोत्र असं आहे, जे अंधारातच संपतं. शेवटी आशेची ओळ नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. बरं वाटलं नाही तरी प्रार्थना करता येते, आणि ‘बरं वाटत नाही’ हीच प्रार्थना असू शकते, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

टार्गेट तेच, पेंढा मात्र बंद

आता कामाकडे येऊ. कारण माझ्या मैत्रिणीच्या दुखण्याचं एक टोक तिच्या मनात होतं, तर दुसरं ड्युटी चार्टवर.

बायबलमधलं ‘निर्गम’ हे पुस्तक इजिप्तमध्ये वेठबिगारीत अडकलेल्या इस्राएली लोकांचं आहे. पाचव्या अध्यायात हे लोक फारोकडे थोडी सवड मागतात. फारो म्हणतो, हे आळशी झालेत. तो हुकूम काढतो की विटांसाठी लागणारा पेंढा आजपासून सरकार देणार नाही, तो यांनी स्वतः गोळा करायचा. विटांचा आकडा मात्र पूर्वीचाच. आकडा भरला नाही की मुकादमांना मार.

माणसं कमी करून टार्गेट तेच ठेवणाऱ्या कुठल्याही ऑफिसात हा अध्याय भिंतीवर लावता येईल.

पण खरी ओळ सहाव्या अध्यायात आहे. मोशे या लोकांकडे देवाचा निरोप घेऊन येतो की तुमची सुटका होणार. आणि लोक त्याचं ऐकत नाहीत. का? ते नास्तिक होते म्हणून नाही. कामाने त्यांची मनं इतकी मोडली होती की चांगली बातमीही आत शिरत नव्हती. बायबल त्यांना यासाठी दोष देत नाही. आणि देवही ‘तुमचा विश्वास वाढला की बघू’ असं म्हणून थांबत नाही. पुढची प्रकरणं त्यांना तिथून बाहेर काढण्यात जातात.

मला हे वाचून ग्रुपवरचे ते सूर्योदय आठवले. निरोप खोटा नव्हता. घेणाऱ्याची घ्यायची ताकद संपली होती.

याच सुटकेच्या आठवणीवर आठवड्याच्या सुट्टीची आज्ञा उभी आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकात शब्बाथ पाळायला सांगताना कारण दिलंय की तुम्हीही इजिप्तमध्ये गुलाम होता हे विसरू नका. म्हणून सुट्टी मालकापुरती नाही. नोकर, मोलकरीण, परका माणूस, बैल आणि गाढव, सगळ्यांना. नव्या करारातलं याकोबाचं पत्र आणखी पुढे जातं. शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे ओरडून तक्रार करते, असं तिथे म्हटलंय. तेव्हा ‘सहन कर, देव बघतोय’ एवढंच सांगणारा सल्ला अर्धा आहे. हक्काची रजा मागणं, थकलेला पगार मागणं, जमत असेल तर ती नोकरी सोडणं, यात श्रद्धेला धक्का लागण्यासारखं काही नाही.

जाता जाता आपल्याकडचा एक संदर्भ. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं लढा दिल्यावर. त्यांची प्रेरणा बायबलची नव्हती, पण सुट्टी भीक म्हणून नाही तर हक्क म्हणून मागायची, हा विचार दोन्हीकडे एकच.

येशूचं एक आवाहन अशा वेळी हमखास पाठवलं जातं, मत्तयच्या ११ व्या अध्यायातलं. थकलेल्यांनी, ओझ्याने वाकलेल्यांनी माझ्याकडे यावं, मी विसावा देईन, असा त्याचा आशय. त्याच्या पुढच्या ओळीत जुवाचा उल्लेख आहे, तो सहसा कोणी पाठवत नाही. जू एका बैलाच्या मानेवर नसतं, जोडीच्या असतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग डॉक्टरकडे जायचं की चर्चमध्ये?

दोन्हीकडे जाता येतं. पण नैराश्य हा आजार आहे आणि आजाराला उपचार लागतात. सतत दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास असणं, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, स्वतःला नालायक समजणं, मरणाचे विचार येणं ही लक्षणं असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. कामामुळे येणाऱ्या बर्नआउटची दखल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतली, मात्र आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणची स्थिती म्हणून. म्हणजे तिथे बदलायचं आहे ते कामही.

अनेक ख्रिस्ती घरांत एक भीती दबलेली असते की आत्महत्येचा विचार आला म्हणजे आपण नरकात जाणार का? ही भीती माणसाला बोलू देत नाही. म्हणून हे माहीत असावं. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात, जाणूनबुजून जीव देणाऱ्यांना चर्चचे अंत्यविधी नाकारायची तरतूद होती. १९८३ च्या कायद्यातून ती गेली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात आत्महत्या चुकीचीच मानली आहे, पण गंभीर मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, असंही स्पष्ट म्हटलंय. आपला देशाचा कायदाही बदललाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी मानली जाते.

मनात असे विचार येत असतील तर ‘टेलि मानस’ या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि तुम्ही मेसेज पाठवणाऱ्यांपैकी असाल तर? ईयोबाच्या पुस्तकात त्याचे तीन मित्र येतात. त्याची अवस्था बघून सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. तिथपर्यंत ते उत्तम मित्र आहेत. मग ते बोलायला लागतात, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून समजावू लागतात, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर.

माझ्या मैत्रिणीने ती नोकरी सोडली. गोळ्या चालू आहेत, दर पंधरा दिवसांनी समुपदेशकाकडे जाते. नवीन काम अजून मनासारखं मिळालेलं नाही, फ्रीलान्स अनुवाद करते. एलीयाचा अध्याय मी तिला फोटो काढून पाठवला, तेव्हा तिचं उत्तर आलं, “हा आमच्या संडे स्कूलमध्ये होता. भाकरीचा भाग कुणी नीट सांगितलाच नव्हता.”

रविवारी कधी मिस्साला जाते, कधी नाही. गेली तर मागच्या बाकावर बसते आणि शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत निघते. फॅमिली ग्रुप तिने म्यूट केलाय. मावशीला मात्र तिने एकदा फोन करून सगळं सांगितलं, औषधांसकट. मावशी आता वचनं पाठवत नाही. रोज दुपारी एकच्या सुमारास फोन करते आणि विचारते, “जेवलीस का गं?”